मदत हवी आहे: मित्सुईचं ‘ते’ वाक्य मराठीत कसं सांगू? (जपानी येणाऱ्यांनी प्लीज बघा)

नमस्कार मंडळी, शनिवारच्या आत उत्तर हवंय म्हणून जरा घाईत लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीजवळच्या एका गावात संध्याकाळी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवते. अकरा ते पंधरा वयाची वीसेक पोरं आहेत, सगळी मराठी माध्यमाची. कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं, त्यामुळे पावसाळा लागला की प्रॅक्टिसचा खोळंबा होतो, पाणी ओसरेपर्यंत बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं. गेल्या महिन्यापासून त्या वेळात मी त्यांना ‘स्लॅम डंक’ची गोष्ट सांगतेय, रोज थोडी थोडी. ताकेहिको इनोउए यांची मांगा (जपानी चित्रकथा), १९९० ते १९९६ जपानच्या ‘शोनेन जंप’मध्ये दर आठवड्याला यायची, पुढे ३१ पुस्तकं झाली. मी इंग्रजीतून वाचलीये आणि कॉलेजात खेळायचे तेव्हापासून किती वेळा वाचली त्याला हिशोब नाही. पोरं आता इतकी रमलीत की पाऊस थांबला तरी उठत नाहीत, “ताई, एवढं पूर्ण करा की” म्हणून मागे लागतात.

आता आम्ही मित्सुईपाशी आलोय आणि माझं घोडं तिथंच अडलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हिसाशी मित्सुई, शोहोकू हायस्कूल, कानागावा प्रांत, नंबर १४, शूटर. त्याआधी ज्युनियर हायस्कूलला असताना तो पूर्ण प्रांताचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू होता. त्या फायनलला त्याची टीम एका पॉइंटने मागे, हाताशी १२ सेकंद आणि बॉल बाहेर चाललेला, हा त्याच्यामागे उडी मारून ऑफिशियल्सच्या टेबलावर जाऊन आदळतो आणि मनातून हरलेलाच असतो, तेव्हा तिथे बसलेले आन्झाई सर शांतपणे त्याच्या हातात बॉल देतात आणि एक वाक्य बोलतात. मॅच तो जिंकतो आणि त्या एका वाक्यापायी दुसऱ्या चांगल्या टीमांना नाही म्हणून सरांच्या शोहोकूत जातो. आणि पहिल्याच वर्षी डावा गुडघा जातो. हॉस्पिटलातून बरा व्हायच्या आधीच उठून प्रॅक्टिसला येतो, परत तोच गुडघा. मग खेळच सोडतो, केस वाढवतो, मारामाऱ्या करणाऱ्या पोरांत जातो आणि दोन वर्षांनी गँग घेऊन आपल्याच टीमची जिम, म्हणजे छताखालचं कोर्ट, उद्ध्वस्त करायला येतो. बाहेरचे बूट घालून जिमच्या लाकडी फरशीवर. ही बुटांची गोष्ट पोरांना लगेच कळली, देवळात चप्पल घालून शिरल्यासारखं वाटलं म्हणाली.

शनिवारी त्याच्या पुढचा प्रसंग सांगायचाय. मारामारीनंतर आन्झाई सर दारात येतात आणि त्यांना बघून हा रक्ताळलेल्या तोंडाने गुडघ्यावर बसतो आणि रडत म्हणतो, “आन्झाई सेन्सेई, बास्के गा शिताई देस.”

इंग्रजीत ते ‘मला बास्केटबॉल खेळायचंय’ एवढंच आहे. पण जपानी शिकणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं की खरी गंमत शेवटच्या ‘देस’मध्ये आहे, आत्तापर्यंत सगळ्यांशी अरेतुरेत, शिव्या देत बोलणारा हा पोरगा त्या क्षणी एकदम विद्यार्थ्यासारखा आदराने बोलतो. मराठीत हे कुठे ठेवायचं? ‘खेळायचंय’ला आदरार्थी रूपच नाही, कारण खेळणारा मी आहे. “सर, मला बास्केटबॉल खेळायचंय” यात फक्त ‘सर’मध्ये आदर येतो. “मला खेळायचं आहे, सर” असं ‘सर’ शेवटी आणलं तर? “मला परत खेळू द्या ना सर” हे जवळचं वाटतं, आमची पोरं असंच म्हणतील, पण तो परवानगी मागत नाहीये हो, तो कबूल करतोय. दोन वर्षं लपवून ठेवलेली गोष्ट बाहेर पडतेय. ‘द्या ना’ म्हटलं की हट्ट होतो.

दुसरं, आन्झाई सरांचं वाक्य. “आकिरामेतारा सोको दे शिआई श्यूर्यो दा यो.” हे मी “हातपाय गाळलेस ना, की मॅच तिथंच संपते बघ” असं करून सांगून टाकलं, आणि मला ते बरं वाटतंय, शेवटच्या ‘यो’साठी आपलं ‘बघ’ चपखल बसलंय असं माझं मत. मैत्रीण म्हणते पुढे एका मॅचमध्ये सर हेच वाक्य ‘देस यो’ लावून थोडं जास्त अदबीने बोलतात, म्हणजे लहान मुलाला अहोजाहो केल्यासारखं. पण आपल्याकडे सर मुलाला “गाळलेत ना” म्हणाले तर ते टोमणा मारतायत असंच वाटेल. चुकत असेन तर सांगा.

तिसरं सगळ्यात अवघड. पुढे सान्नोच्या मॅचमध्ये, जपानची सगळ्यात तगडी टीम, सान्नोवाले एक जण खास मित्सुईच्या अंगावर सोडतात, दोन वर्षं खेळ सोडल्याने याच्यात दम नाही, दंड वर उचलत नाहीत आणि तरी थ्री (लांबून तीन पॉइंटचे शॉट) मारत सुटतो. तिथे तो स्वतःला म्हणवतो ‘आकिरामे नो वारुई ओतोको’. शब्दशः, सोडून देणं ज्याला धड जमत नाही असा माणूस. ‘हार न मानणारा’ नको, ते पोस्टरवरचं वाक्य झालं. जपानीत त्यात थोडी खोट काढल्याचा सूर आहे म्हणे, म्हणजे वेळीच थांबायचं कळत नाही याला असा. ‘जिद्दी’ फार कौतुकाचं, ‘हेकट’ फार वाईट, ‘चिवट’ बऱ्यापैकी. मला सगळ्यात आवडलेलं आहे “मी मित्सुई. माझ्याच्यानं सोडवत नाही.” म्हणजे ठरवूनही सुटत नाही. घरी मोठ्याने म्हणून बघितलं तर अंगावर काटा आला. पण पोरांना ‘सोडवत नाही’ म्हणजे गणित सोडवत नाही असं वाटेल का, ही भीती आहे.

आता खरी काळजी. टीममधल्या एका मुलीचा गुडघा मार्चमध्ये गेलाय, लिगामेंट. चौदा वर्षांची आहे, आमची सगळ्यात चांगली शूटर. डॉक्टरांनी अजून उडी मारायला परवानगी दिलेली नाही. ती रोज येते, स्कोअरची वही मांडीवर घेऊन बसते आणि कुणी बघत नसलं की हळूच उभी राहून हात वर करून शॉट मारल्यासारखं मनगट झुकवते, बॉल नसताना. मित्सुईचा गुडघा गेला तो भाग सांगितला त्या दिवशी ती वहीतून वर बघेना. मला लवकर परत येण्याचा धोका तिच्यापासून लपवायचा नाहीये. पण त्याचबरोबर गोष्टीत असंही आहे की टीममधला त्याचा जुना सोबती कोगुरे त्याला म्हणतो, तुझा पाय तर बरा झालाय ना, मग चल की परत आमच्याबरोबर, आणि हा त्यालाच ढकलून देतो. म्हणजे गुडघा कधीच बरा झालेला असतो. परत यायची लाज वाटत असते. आणि पुढे र्योनान या दुसऱ्या शाळेबरोबरच्या मॅचमध्ये दमून बाहेर बसल्यावर ड्रिंकचा कॅनसुद्धा त्याला उघडता येत नाही आणि वाया घालवलेल्या दिवसांसाठी रडतो. हे सगळं तिच्यासमोर सांगू, का आधी तिच्याशी एकटीशी बोलू? घरात असं दुखणं बघितलेल्यांनी लिहा.

मारामारी किती सांगायची यावरही मत द्या. सिगरेट, दात पडणं, रक्त सगळंच आहे त्यात.

भर १: ज्यांनी ‘व्हिडिओच दाखव’ लिहिलंय त्यांना, १०१ भागांची जुनी मालिका राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच थांबते, त्यात सान्नो नाही. २०२२ च्या सिनेमात सान्नोची मॅच आहे पण तो शोहोकूच्याच मियागी या खेळाडूच्या बाजूने सांगितलाय. आणि शेडमध्ये लाइट नाही. तोंडीच सांगणार. आणि हो, तेव्हाच्या मॅचला २० मिनिटांचे दोन हाफ आणि थ्रीची लाइन ६.२५ मीटरवर होती, आता ६.७५ आहे, पोरांनी लगेच विचारलंच होतं.

भर २: पुण्याहून जपानी शिकवणाऱ्या ज्या ताईंनी ‘सर’ आधी घ्या, मग थांबा, मग वाक्य पूर्ण म्हणा असं सुचवलं त्यांचे खूप आभार. “सर… मला बास्केटबॉल खेळायचंय.” तसंच करणार. थांबण्यातच तो आदर येतो हे पटलं. ‘सोडवत नाही’ला बहुमत मिळालंय, तेही ठेवतेय.

भर ३ (रविवार): त्या मुलीला शुक्रवारीच घरी जाऊन सगळं पुढचं सांगितलं. कॅनचा भाग ऐकून गप्प बसली, मग म्हणाली, “पण ताई, माझा अजून बरा नाही झालाय, मी थांबते.” काल शेडमध्ये प्रसंग सांगितला, मारामारी निम्मी केली, बूट आणि सिगरेट ठेवली.

आता नवीन अडचण. मित्सुई म्हणतो की नेटचा तो आवाज त्याला परत परत जिवंत करतो, आणि आमच्या दोन्ही रिंगांना नेटच नाही, कधीच नव्हती. पोरांनी तो आवाज ऐकलेलाच नाही. नायलॉनची नेट आणून बांधायची म्हणतेय, पण पावसाने आणि उन्हाने किती टिकते? नायलॉन घेऊ की साखळीची? साखळीचा आवाज वेगळा येतो, तो नको वाटतो. उघड्या कोर्टवर कुणी बांधली असेल तर कुठली घेतली आणि गाठ कशी मारली ते सांगा.