वारसा इमारती विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात का?

उंबरठा: काल इथेच एकाने लिहिलं, इंटिरियरच्या पोरांना जुनी इमारत देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. निमित्त काय, तर एका विद्यार्थिनीने बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाचं वाचनालय केलं, कागदावर! तिच्या शीट मी तासभर पाहिल्या. कपाटं दगडी भिंतीपासून हातभर सुटी, मेझनीन, म्हणजे मधला अर्धा मजला, स्वतःच्या पोलादी खांबांवर, भिंतीत एक खिळा नाही. यात कोलीत कुठे दिसलं? पॅरिसचं 1900 सालचं ओर्से स्थानक पाडून हॉटेल बांधायचं घाटत होतं. 1986 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. नवा वापर सापडला म्हणून वास्तू वाचली.

जुना गिलावा: पोस्ट माझी आहे आणि मी ती मागे घेणार नाही. ओर्सेचं काम मुरलेल्या लोकांनी केलं. पोरं शीटवर बिनधास्त लिहितात, ‘गिलावा काढून वीट उघडी ठेवावी’. आमच्या एका साइटवर डिझायनरने चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट मारायला लावलं. दीड वर्षात कमरेच्या उंचीपर्यंत क्षारांचा लोणा चढला. पोपडा बोटाने उचलला तर मागून विटेची पूड ओघळली. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडतं. हे कॉलेजच्या स्टुडिओत कोण शिकवतं?

साइटवाला: दर वेळी सिमेंटलाच शिव्या! ओल जमिनीतून चढते. जोत्याभोवती पाण्याचा निचरा केला होता का? तो नसेल तर चुनाही झडतो. शिवाय चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत कडक व्हायला वेळ लागतो. तेवढं थांबायला मालक तयार नसतो, बोलणी आम्ही खातो.

जुना गिलावा: निचरा केला होता! मी स्वतः चर खणून घेतला होता. न पाहिलेल्या साइटवर बोलू नका.

साइटवाला: मग तुम्ही न पाहिलेल्या पोरांवर का बोलता?

उंबरठा: चुना-सिमेंटसाठी वेगळा धागा काढा. 1964 ची व्हेनिस सनद, म्हणजे वास्तू जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, सांगते की वास्तूचा समाजोपयोगी वापर इष्ट आहे, मात्र तिची रचना आणि सजावट बदलू नये. या मुलीने नेमकं तेच पाळलंय. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या तेराव्या शतकातल्या चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे. तिथली पोलादी कपाटंही अशीच स्वतंत्र उभी आहेत.

जुना गिलावा: आत्ता शीट उघडल्या. कपाटं भिंतीपासून सोडलीत, मान्य. ‘कोलीत’ हा शब्द जास्त झाला. पण मेझनीनचे खांब उभे कशावर आहेत? पुस्तकांचं वजन जुनी फरशी पेलणार आहे का? सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रात, फरशीखाली काय दाखवलंय ते बघा.

उंबरठा: पाहिलं. फरशीखाली कोरं आहे. हा मुद्दा तुमचा खरा. तिला आजच विचारते.