कल्टार म्हणजे टॉनिक नव्हे
कल्टार (आंब्याला मोहोर यावा म्हणून घालतात ते वाढ रोखणारं औषध, पॅक्लोब्युट्राझोल) हे मोहोराचं टॉनिक आहे असं काहीजण म्हणतात, तर तसं नाहीये, उलट ते झाडाला जिबरेलिन बनवूच देत नाही. जिबरेलिन म्हणजे पेशीला 'वाढ, विभाग' असा निरोप देणारं संप्रेरक, ते आलं की डेला नावाची प्रथिनं मोडतात, आणि वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात ती हीच. निरोपच नाही तर ब्रेक तसाच, मग पालवी थांबते आणि हापूस मोहोराकडे वळतो.

आमच्या देवगडच्या बागेत एका कलमाला कल्टार चुकून दोनदा घातलं गेलं (बाबांनी पण घातलं, मी पण!). पुढची पालवी बघायची होती, दोन पानांमधलं अंतर जेमतेम बोटभर, सगळी पानं टोकाला गुच्छासारखी, मोहोरही आखूड नि गच्च.