मदत हवी आहे: वाचनालयाची ग्रंथसूची स्क्रीन रीडरला वाचता येत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट सध्या मी सांभाळतो. प्रोग्रामिंग येत नाही. वर्डप्रेसमध्ये मजकूर टाकणं, फोटो बदलणं इतपत जमतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक सभासद आहे, त्याला अजिबात दिसत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. तो सांगतो, बातम्यांची पानं नीट ऐकू येतात, पण ग्रंथसूची उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची बडबड सुरू होते. कार्यक्रमांच्या सूचनांच्या जागी 'ग्राफिक' एवढंच. पुस्तक राखून ठेवायच्या फॉर्मवर चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायची आहेत, तिथे तर गाडी थांबतेच.

सूची पूर्वी कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉंटमध्ये टाइप झाली होती, तीच फॉंटसकट वर चढवलेली आहे. सूचना म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात तीच जेपीजी.

साइट बनवणाऱ्याने कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं बटण सुचवलंय. दाबलं की अक्षरं मोठी, रंग उलटे वगैरे. दरवर्षी पैसे. कार्यकारिणीला ते पसंत आहे (उद्घाटन करता येईल ना!). मला शंका आहे. पैसा थोडा आहे, तर आधी काय करावं?

– ग्रंथपाल_नव्हे

कीबोर्डवाला:
बटणाला पैसे देऊ नका. तो मुलगा स्वतःचा स्क्रीन रीडर घेऊन येतो, त्याला मोठी अक्षरं काय कामाची? अमेरिकेत अ‍ॅक्सेसीबी नावाची कंपनी अशीच गोष्ट 'कुठलीही साइट सुगम्यतेच्या (दिव्यांगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या) मानकांत बसेल' म्हणून विकत होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये तिच्याविरुद्ध कारवाई जाहीर केली, दहा लाख डॉलर भरायला लावले.

खरं दुखणं कृतिदेव. पडद्यावर 'मन' दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी ई आणि यू. स्क्रीन रीडरला फॉंटशी घेणंदेणं नाही, तो साठवलेलं वाचतो. गूगललाही तुमची पुस्तकं सापडत नसणार. सूची युनिकोडमध्ये आणा, त्यात प्रत्येक मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं. रूपांतराची साधनं फुकट आहेत, पण नंतर माणसाने तपासायलाच हवं. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफाराचा क्रम याच्या उलट, तोही असाच चुकतो. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' मधला र वेगळा शोधून बघा. आधी लेखकांची नावं घ्या, शोध त्यांवरच चालतो.

ऐकून_वाचतो:
मी स्वतः एनव्हीडीएवाला. जेपीजी राहू द्या, पण खाली तारीख, वेळ, जागा, वक्ता टाइप करा. चित्राऐवजी ऐकू येणाऱ्या पर्यायी मजकुरात 'पोस्टर' लिहून मोकळे झालात तर पोस्टर आहे हे मला कळेल, जायचं कधी ते कळणार नाही.

वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी आहे का बघा. इंग्रजी नोंदवलेली असली तर माझा स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजातच अडखळत राहतो. शीर्षकं ठळक करून भागवू नका, शीर्षक म्हणूनच नोंदवा. मी एच दाबत एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. आणि ती वेडीवाकडी अक्षरं काढून टाका हो, राखीव पुस्तकांवर कोण दरोडा घालतंय?

कीबोर्डवाला:
केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं असतील तर तेही बदला. सुगम्यतेचं मानक अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५ पट फरक मागतं, केशरी-पांढऱ्यात जेमतेम दुप्पट निघतो. कमी दिसणाऱ्यांना त्रास होतो.

ग्रंथपाल_नव्हे:
फार उपयोग झाला. सभेत 'कायद्याने लागतंच का?' हा प्रश्न येणार. शिवाय वार्षिक अंक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहेत, त्यांचं काय?

तळटीप:
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४६ दाखवा. सेवा सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे द्यायचं बंधन त्यात आहे, आणि सरकारी व खासगी, दोन्ही सेवा देणारे त्यात येतात. हे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला सांगितलं. एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधा मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय.

अंकांसाठी टेसरॅक्ट (स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, मराठी ओळखतं. जोडाक्षरांत चुका राहतात, मुद्रितशोधन करावं लागेल. सगळे अंक एकदम घेऊ नका, कोणी मागेल तो आधी.

बटणाचे पैसे वाचतील त्यातून त्या सभासदालाच साइट तपासायला मानधन द्या. फॉर्म पहिल्यांदा त्याच्याकडून भरून घ्या.