ऊसतोड महिलांचं ‘अंतरा’: संस्थेनं अड्ड्यावर गाडी न्यावी का?

रानवारा: बीडच्या ऊसतोड टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर ३ महिन्यांनी घ्यावं लागतं. बाईनं निघताना २५ ऑक्टोबरला घेतलं, तर पुढचा डोस २५ जानेवारीला येतो आणि तेव्हा ती कोल्हापूरकडच्या फडात असते. ४ आठवडे उशीर चालतो. २२ फेब्रुवारी उलटली, की गर्भ नाही याची खात्री करूनच डोस देता येतो. पहाटे फड, अंधार पडताना कोपी, म्हणजे झोपडी. दवाखान्याच्या वेळेत गेली तर मुकादम खाडा धरतो. म्हणून स्वयंसेवी संस्थांनी संध्याकाळी अड्ड्यावर, म्हणजे टोळीच्या कोप्यांपाशी, सुई द्यायला गाडी न्यावीच.

कोरडवाहू: मला हे पटत नाही. सुई देणं सोपं आहे, पुढचं निस्तरणं अवघड. ‘अंतरा’वर पहिले काही महिने मधूनच डाग दिसतात, कधी अंगावरून जास्त जातं, पुढे पाळी बंदही होते. आधी नीट सांगितलं नसेल तर बाई घाबरून पुढचा डोस सोडते. विसाव्या दिवशी त्रास झाला तर तुमची गाडी कुठे असेल? बीडमध्ये ऊसतोड बायांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तो विसरू नका. अंगावरून जाणाऱ्या बाईला आधी गर्भ आणि जंतुसंसर्ग तपासणारं माणूस हवं, ‘पिशवीच काढा’ म्हणणारं नको. शिवाय अनुदान संपलं की गाडी थांबते. पहिल्या डोसआधी डॉक्टरांची तपासणी लागते, पण पुढचे डोस प्रशिक्षित नर्सबाई देऊ शकतात. मग उपकेंद्रच का नको?

रानवारा: उपकेंद्राचा साठा गावच्या लोकसंख्येवर मागवला, तर हंगामात आलेल्या बाया त्यात कुठे धरल्यात?

कोरडवाहू: तेच संस्थेचं काम. कारखान्याकडून टोळ्यांची यादी घ्या, अड्डानिहाय बाया मोजा, डिसेंबरातच आरोग्य केंद्राला मागणी लिहून द्या. नर्सबाईंची संध्याकाळची फेरी मंजूर करून घ्या.

फडकरीण: मंजुरी येईपर्यंत फेब्रुवारी सरतो, तोवर गाडी हवी. पण घाईनं काम बिघडतं, हेही खरं. कुपी नीट हलवली नाही तर औषध तळाला राहतं आणि १५० मिलिग्रॅमचा डोस कमी पडतो. सुईनंतर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही; औषध लवकर शोषलं जातं आणि असर ३ महिने पुरत नाही. उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या बाईचा दंड दुखतोच, ती घरी जाऊन शेकणारच. हे तिला सुई देण्याआधी सांगा. बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून ७ ते १० महिने लागू शकतात, हेही सांगा. लगेच मूल हवं असणारीला ‘अंतरा’ देऊच नका. आणि कार्डावर पुढची तारीख आकड्यात लिहून भागत नाही, ‘संक्रांतीनंतरचा दुसरा बाजार’ असंही लिहा.

कोरडवाहू: कार्डाची दुसरी प्रत गावच्या आशाताईंकडे ठेवाल तर गाडीला माझी हरकत नाही. एप्रिलचा डोस त्यांनाच द्यायला लावायचा आहे.

फडकरीण: द्यायला नव्हे, आठवण करून उपकेंद्रात आणायला. सुई आशाताई देत नाहीत.