कादंबरीचा मधला भाग आधी आखायचा कसा?

शाईडाग:
डोक्यात कादंबरी आहे. दोन बहिणी, वडील गेलेत, मृत्युपत्र सापडत नाहीये, सगळ्यांचा संशय धाकटीवर आणि शेवटी थोरलीच ते जाळून टाकते, एवढं पक्कं आहे. सुरुवातीची प्रकरणं झरझर झाली आणि मग गाडी अडली, म्हणजे प्रसंग सुचतात पण एकातून दुसरा निघत नाही, भांडण, मग हॉस्पिटल, मग थोरलीचा जुना मित्र भेटतो, असं नुसतं चाललंय. आउटलाइन करायला बसले की गोष्टीचे नाटकासारखे तीन अंक पाडणारे तक्ते समोर येतात, अमुक टक्क्यांवर कलाटणी वगैरे, ते भरता भरता लिहायची इच्छाच जाते. तुम्ही लोक नक्की कसं करता?

उलटाक्रम:
तक्ते राहू द्या. शेवट हातात आहे ना, मग तिथून मागे या. थोरली कागद जाळते म्हणजे तो तिच्याकडे आलेला असणार, कुणी दिला? की पहिल्यापासून तिच्याकडेच होता? आणि जाळून तिचा फायदा होतोय की नुकसान? फायदा असेल तर ती नुसती लबाड, नुकसान असेल तर वाचक विचारणारच की मग का जाळलं, आणि त्याचं उत्तर म्हणजेच तुमचा मधला भाग. समजा सगळी इस्टेट तिच्याच नावावर आहे, पण त्याच कागदात धाकटीबद्दल असं काही आहे जे धाकटीला कधीच कळू नये. मग थोरलीला आधी धाकटीचा राग हवा, तो राग कशाने तरी निवळायला हवा, आणि त्यानंतर कागद हातात पडायला हवा. झाले की सीन. जुना मित्र यातलं काहीच घडवत नसेल तर काढा त्याला, कितीही लाडका असला तरी.

चारओळी:
अर्धीच सहमत. शेवट आधी ठरवला की माझी पात्रं कळसूत्री बाहुल्या होतात, म्हणून मी पहिला ड्राफ्ट वाट्टेल तसा लिहून काढते आणि आउटलाइन नंतर. प्रत्येक सीनला एक कार्ड, त्यावर कुणाला काय हवंय, आडवं कोण येतंय आणि सीन संपताना काय बदललं. शेवटचं रिकामं राहिलं तर तो सीन उडवायचा नाहीतर दुसऱ्यात मुरवायचा. वेळखाऊ आहे, बरीच पानं फेकायची तयारी लागते.

पेन्सिल:
तारखांचा हिशोब पण ठेवा हो, मृत्युपत्राची गोष्ट म्हटल्यावर कुणाला काय कधी कळलं यावरच सगळं उभं. अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरने 'अ फेबल' या कादंबरीचा (१९५४) आराखडा घरातल्या खोलीच्या भिंतींवर वारांप्रमाणे लिहून काढला होता, ते घर आता म्युझियम आहे आणि अक्षरं अजून दिसतात. आपल्याला एक्सेल पुरे. एका रकान्यात खरं काय कधी घडलं, शेजारी ते वाचकाला कुठल्या प्रकरणात सांगायचं. हे दोन क्रम वेगळे असतात, आणि सस्पेन्स सगळा त्या फरकातच.

शाईडाग:
उलटं करून बघितलं, बरंच सुटलं. पण आता वाटतंय की धाकटीला ते सगळं आधीच माहीत असेल तर? मग थोरलीने जाळून उपयोग काय.

उलटाक्रम:
उपयोग शून्य, आणि ते थोरलीला कळूच देऊ नका, फक्त वाचकाला कळू द्या. मला तर हा शेवट जास्त आवडला. धाकटीला कधी कळलं तेवढं ठरवा, मला ती जागा भांडणाच्या जरा आधी दिसतेय, म्हणजे भांडणात ती गप्प का बसते तेही आपोआप आलं.