आयच्या बोलीत ळ नाही, मग 'काल' आणि 'काळ' यांचं काय करायचं?

रेवसकडची लेक
नमस्कार. मी बाहेरून एम.ए. मराठी करते आहे. भाषाविज्ञानाच्या पेपरला स्वाध्याय आलाय: 'स्वन आणि स्वनिम यांतील फरक आपल्या परिसरातील बोलीची उदाहरणे देऊन स्पष्ट करा.' तोंडातून निघणारा प्रत्येक आवाज स्वन, आणि अर्थ बदलण्याची ताकद असलेला तो स्वनिम, इथवर कळलं. बोलीपाशी येऊन अडले.

माझं माहेर रेवसजवळच्या कोळीवाड्यातलं, सासर मालवण. आमच्या आयच्या तोंडात ळ नाही आणि ण नाही. ती 'पानी' म्हणते, 'मासली' म्हणते, नळाला 'नल' म्हणते. होडीला 'होरी'. इकडे सासूबाई मालवणी बोलतात, त्यांचे ळ आणि ण दोन्ही खणखणीत. पुस्तकात ल आणि ळ वेगळे स्वनिम आहेत हे दाखवायला काल-काळ, वेल-वेळ, माल-माळ अशा जोड्या दिल्यात. आय प्रत्येक जोडीतले दोन्ही शब्द एकसारखेच म्हणते. मग तिच्या बोलीत ळ हा ल चं स्वनांतर, म्हणजे अर्थ न बदलणारं त्याच स्वनिमाचं दुसरं रूप, धरायचा का?

अभ्यासगटातली एक जण म्हणाली, ते उदाहरण घेऊ नकोस, ते अशुद्ध आहे. मला ते लागलं. तिसरीत बाईंनी मला फळ्यासमोर उभं करून 'बाळ' पंचवीस वेळा म्हणायला लावलं होतं. शेवटी जमलं. घरी आले आणि धाकट्या भावाला 'बाळा' अशी हाक मारली, तर तो आयकडे बघायला लागला. त्याला घरात 'बाला' म्हणायचे. मला आयच्या बोलीवरच लिहायचंय, फक्त चुकीचं लिहायचं नाहीये.

चिपळूणचे मास्तर
ताई, आईच्याच बोलीवर लिहा. अशुद्ध हा शब्द या शास्त्रात नाहीच.

स्वनिम ठरतो तो एका बोलीच्या आत. प्रमाण मराठीचं माप घेऊन कोळीवाड्यात गेलात की गोंधळ होणार. आईच्या बोलीत ळ नाही, तेव्हा तो तिथे स्वनिम नाही आणि स्वनांतरही नाही. स्वनांतर म्हणायला दोन आवाज निदान कानावर तरी पडायला हवेत. तिच्याकडे एकच ल आहे, आणि 'काल' या एका उच्चाराला दोन अर्थ आहेत. आपण नाही का, हात तो कर, सरकारला भरायचा तो कर आणि 'काम कर' मधलाही कर एकाच उच्चारात म्हणत? वाक्यात कुणाचा घोटाळा होत नाही.

आता तिच्याकडून चार शब्द म्हणवून घ्या: पल, फल, बल, मल. म्हणजे आपले पळ, फळ, बळ आणि अंगावरचा मळ. शेवटचा आवाज सगळीकडे सारखा, फरक फक्त पहिल्या आवाजाचा आणि अर्थ चार. प, फ, ब, म हे तिच्या बोलीतले चार स्वनिम झाले की नाही! वर्तमानपत्राची बारीक पट्टी ओठांसमोर धरा. प ला ती जेमतेम हलेल, फ ला उडेल, तो महाप्राण. घाटीवर दोन बोटं ठेवून प आणि ब म्हणा. ब ला बोटांखाली थरथर लागेल, कारण ओठ मिटलेले असतानाच स्वरतंतू कंप पावायला लागतात. नाक चिमटीत धरलंत तर म कोंडतो.

'होरी' बाबत घाई नको. आई जाळ्याला 'डोल' म्हणते की 'रोल'?

सुरंगी
मी कुडाळला वाचा-उपचाराचं काम करते. सासूबाईंचा 'खंय', म्हणजे 'कुठे', सोडू नका. तिथला स्वर खरोखर नाकातून जातो, तिथे न किंवा म असं व्यंजन नाही. उलट आंबा, कांदा, घंटा, शंख हे शब्द सावकाश म्हणून बघा. टिंब एकच, पण 'आंबा' म्हणताना ब यायच्या आधीच ओठ मिटलेले असतात, 'कांदा'ला जीभ दातांशी, 'घंटा'ला टोक वर वळलेलं, 'शंख'ला जिभेचा मागचा भाग वर. पुढचं व्यंजन जिथे उच्चारलं जातं, तिथेच हा आवाज आधी जाऊन बसतो. 'शंख' मधला ङ मराठीत बहुधा क-वर्गाच्या आधीच सापडतो. 'वाङ्मय'सारखा एखादा संस्कृत शब्द सोडला तर त्याला स्वतःची जागा नाही.

ऐकून खात्री होत नसेल तर 'प्राट' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं. आवाजाचं चित्र समोर दिसतं.

रेवसकडची लेक
मास्तर, आत्ताच फोन केला. आय 'डोल'च म्हणते, ड स्पष्ट. पण होडी, गाडी, घोडा हे होरी, गारी, घोरा. होळीला मात्र 'होली', म्हणजे होडी आणि होळी तिच्याकडे अजून वेगळ्याच आहेत! हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

चिपळूणचे मास्तर
सुरेख निरीक्षण आहे, हेच स्वाध्यायाच्या मध्यभागी ठेवा. शब्दाच्या तोंडाशी ड, दोन स्वरांच्या मध्ये र. कुणी म्हणेल, जागा वाटून घेतल्यात, तेव्हा र हे ड चं स्वनांतर. पण 'रात' मध्ये र शब्दाच्या तोंडाशीही येतो, म्हणजे र स्वतंत्र स्वनिम आहेच. तेव्हा असं लिहा, की ड आणि र यांचा भेद शब्दाच्या सुरुवातीला टिकून आहे आणि स्वरांमध्ये पुसला गेला आहे.

आणखी एक वाक्य आईला म्हणायला सांगा: 'चार गायींना चारा चार.' संख्येच्या 'चार'ला जीभ टाळूला पसरून लागते, तो तालव्य च. 'चारा' आणि शेवटच्या 'चार'ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे जातं, त्स च्या जवळचा, तो दंततालव्य. हे दुनिया या अर्थाचं 'जग' आणि 'तू जग' यांतही तसंच. अर्थ बदलतो, म्हणून हे दोन स्वनिम, आणि आपल्या लिपीत दोघांना मिळून एकच अक्षर. उलट ह्रस्व-दीर्घ बघा. दिन-दीन अशा संस्कृत जोड्या सोडल्या तर मराठी शब्दात लांबी जागेवरून ठरते: मूल-मुलाला, वीज-विजेचा. शेवटचा इकार-उकार आपण लांबच म्हणतो, म्हणून १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी 'कवि'चा 'कवी' केला. अर्थाला जिथे फरक पडत नाही तिथे दोन अक्षरं, आणि पडतो तिथे एक. मी तेहेतीस वर्षं ह्रस्व-दीर्घावर लाल शाई वापरली आणि वर्गात दोन च बद्दल एकदाही बोललो नाही. त्याचं मला आज वाईट वाटतं.

रेवसकडची लेक
आय दोन्ही च वेगळे म्हणते. मीच फोनवर दोनदा ऐकून घेतलं. आता एक शेवटचं विचारते. 'मासा', पण 'माशाचा'. हा श कुठून आला?

चिपळूणचे मास्तर
य मुळे. जुनं रूप 'मास्याचा'. य म्हणताना जीभ टाळूकडे उचललेली असते, ती आधीच्या स ला वर ओढून त्याचा श करते आणि य स्वतः विरून जातो. पैसा-पैशाचा, ससा-सशाचा, घसा-घशात. ई सुद्धा हेच करते, म्हैस-म्हशी. 'मासे', 'पैसे' मध्ये य नाही, ई नाही, म्हणून स तसाच. 'त्याचा' म्हणा आणि लगेच 'त्याच्या' म्हणा. जीभ दातांमागून टाळूवर सरकलेली तुम्हालाच जाणवेल, तेही याच य चं काम.

रेवसकडची लेक
पुढच्या आठवड्यात माहेरी जाऊन आयचं रेकॉर्डिंग करते. ती म्हणते, नुसतं बसून बोलायला जमणार नाही, मासली साफ करता करता बोलेन.

सुरंगी
चालेल. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरा, म्हणजे फ चा वारा थेट माइकवर आदळणार नाही. नळ तेवढा बंद ठेवायला सांगा. आणि प्रत्येक शब्द तीनदा घ्या, एकदा सुटा आणि दोनदा वाक्यात.