नाटकांच्या छायाचित्रणासाठी डी५३०० नंतर कोणता डीएसएलआर घ्यावा?

रंगपट (प्रश्न)

नमस्कार. गेली आठ वर्षे मी निकॉन डी५३०० आणि त्याच्याबरोबर आलेली १८-१४० मिमी लेन्स वापरत आहे. छायाचित्रण हा माझा व्यवसाय नाही. पुण्यातल्या महाविद्यालयीन आणि हौशी नाट्यसंघांच्या रंगीत तालमींची छायाचित्रे मी काढून देतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुरुषोत्तम करंडकाचे दिवस आले की आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या संघाच्या तालमीला बसलेला असतो.

अडचण अंधाराची आहे. गेल्या महिन्यात एका एकांकिकेच्या शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर एका कंदिलाचा आणि वरून येणाऱ्या एका मंद पिवळ्या स्पॉटचा एवढाच उजेड होता. आजीचे काम करणारी मुलगी कंदील हातात घेऊन हळूच मान वर करते, हाच त्या प्रवेशाचा प्राण आहे. माझी लेन्स त्या क्षणी चेहरा शोधत पुढे-मागे फिरत राहिली, आणि फोकस लागेपर्यंत कंदील खाली गेला होता. हाती आलेली दोन छायाचित्रे १४० मिमी, एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), १/१२५ सेकंद आणि आयएसओ ६४०० (उजेडाची संवेदनशीलता) अशी आहेत. त्यांत चेहऱ्यावर इतके दाणे दिसतात की सुरकुत्या मेकअपच्या कुठल्या आणि दाण्यांच्या कुठल्या, हे ओळखता येत नाही.

वर्षभरात ७५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. नवा डी७५००, वापरलेला पण सुस्थितीतला डी७५०, किंवा कॅनन ९०डी हे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. दुकानात विचारले असता प्रत्येक ठिकाणी मेगापिक्सेलचाच हिशेब ऐकायला मिळाला. नाटकाचे किंवा मैफलींचे छायाचित्रण करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काचभिंग

रंगपट, आपण दिलेल्या आकड्यांतच उत्तराचा मोठा भाग आहे, म्हणून कॅमेऱ्याच्या आधी लेन्सचा हिशेब मांडतो.

एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. एफ/५.६ वरून एफ/४, एफ/२.८ आणि मग एफ/२ अशा तीन पायऱ्या आपण उतरलात, तर प्रत्येक पायरीला दुप्पट म्हणजे एकूण आठपट उजेड सेन्सरवर येतो. म्हणजे तोच प्रवेश, तेवढाच कंदील आणि तीच १/१२५ ची गती कायम ठेवून आयएसओ ६४०० ऐवजी ८०० वर काम भागते, आणि आयएसओ ८०० ला आपला डी५३०० आजही स्वच्छ चित्र देतो. आता कॅमेरा बदलून काय मिळते ते पाहा. डी७५०० चा सेन्सर डी५३०० च्याच आकाराचा आहे, २४.२ ऐवजी २०.९ मेगापिक्सेल असले, तरी दाण्यांच्या बाबतीत दोघांत पडणारा फरक एका पायरीपेक्षाही कमी आहे. डी७५० चा सेन्सर पूर्ण चौकटीचा, म्हणजे ३६ × २४ मिमीचा आहे आणि त्याचे क्षेत्रफळ आपल्या सेन्सरच्या सव्वादोन पटींहून थोडे अधिक भरते. तिथे एका पायरीचा, फार तर सव्वा पायरीचा लाभ होतो. लेन्स मात्र तीन पायऱ्या देते, आणि तीही यांतल्या कुठल्याही बॉडीपेक्षा (लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा) कमी किमतीत.

निकॉनची ५० मिमी एफ/१.८ जी किंवा ८५ मिमी एफ/१.८ जी पाहावी. नावापुढचे अक्षर नीट वाचावे, कारण जुन्या 'डी' मालिकेतली ५० मिमी स्वस्त मिळते, पण तिच्यात स्वतःची मोटर नसते आणि डी५३०० च्या बॉडीतही मोटर नाही. त्यामुळे ती लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर हाताने फिरवूनच फोकस करावी लागेल. डी७५०० आणि डी७५० या दोन्हींच्या बॉडीत मोटर आहे.

आपण साधारण कुठल्या रांगेत बसता? रंगमंच आठ मीटरवर असेल, तर आपल्या कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्समधून जेमतेम सव्वादोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच एवढाच भाग दिसेल. म्हणजे उभ्या नटाचे पाय कापले जातील. त्या अंतरावर ५० मिमी अधिक सोयीची आहे: पावणेचार मीटर रुंदी मिळते आणि दोन-तीन पात्रे नखशिखांत येतात. माझ्या मते आपण आधी ५० मिमी घ्यावी, कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर करावा.

विंगेतून

काचभिंग यांच्या गणिताशी मी सहमत आहे, परंतु गणित उजेडाचे झाले. रंगपट यांची पहिली तक्रार फोकस न लागण्याची आहे, आणि ती नुसत्या लेन्सने पुरती सुटत नाही. डी५३०० ची स्वयंचलित फोकस यंत्रणा उणे १ ईव्हीपर्यंतच्या (ईव्ही हे उजेड मोजण्याचे माप) उजेडात चालते, तर डी७५०० आणि डी७५० या दोन्हींची उणे ३ ईव्हीपर्यंत. दोन ईव्ही म्हणजे चौपट अंधार. कंदिलाच्या प्रवेशात नेमका हाच फरक जाणवतो. एफ/१.८ ची लेन्स लावल्याने फोकसलाही अधिक उजेड मिळतो हे खरे आहे, तरीही काळ्या पडद्यासमोर काळा शालू असेल तेव्हा जुनी यंत्रणा चाचपडतेच.

मी पाच वर्षांपासून डी७५०० वर नृत्य आणि नाटक टिपते आहे. या कॅमेऱ्यातल्या ज्या गोष्टीवर माझा सर्वांत जास्त जीव आहे, तिचा उल्लेख दुकानात कोणी करत नाही: 'हायलाइट-वेटेड' मीटरिंग, म्हणजे उजेड मोजण्याची एक पद्धत. रंगमंचावर नव्वद टक्के चौकट काळी असते आणि चेहऱ्यावर एकच स्पॉट असतो. नेहमीचे मीटरिंग काळोख उजळायला जाते आणि चेहरा पांढराफटक करून टाकते. या पद्धतीत कॅमेरा चौकटीतला सर्वांत उजळ भाग जपतो, त्यामुळे कपाळावरचा घाम आणि गालाचा उतार दोन्ही शाबूत राहतात. डी७५० मध्येही ही सोय आहे. डी५३०० मध्ये नाही. तोवर आपण स्पॉट मीटरिंग चेहऱ्यावर धरून काम करू शकता.

दुसरी गोष्ट एलईडी दिव्यांची. जुन्या हॅलोजन दिव्यांची तार तापलेली असते, त्यामुळे त्यांचा उजेड फारसा लुकलुकत नाही. ट्यूबलाइट आणि साधे एलईडी मात्र आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि शटर वेगवान ठेवले की एक चौकट उजळ तर पुढची मळकट येते. डी७५०० मधली फ्लिकर रिडक्शनची सोय अशा वेळी दिव्याच्या उजळ क्षणाची वाट पाहून शटर उघडते. कॅनन ९०डी मध्येही ती आहे. डी७५० मध्ये व्ह्यूफाइंडरमधून छायाचित्र काढताना ती मिळत नाही, तिथे १/१०० किंवा १/५० वर यावे लागते. मंद करता येणाऱ्या रंगीत एलईडी पारांचे (रंगमंचावरच्या डब्यासारख्या दिव्यांचे) लुकलुकणे याहून पुष्कळ जलद असते आणि ते या सोयीच्याही आवाक्याबाहेरचे आहे; चौकटीत आडव्या पट्ट्या दिसल्या, तर शटरची गती थोडीथोडी कमी करत पट्ट्या जातील तिथे थांबावे, एवढाच उपाय उरतो.

डी७५०० ची उणीवही सांगते: कार्डासाठी एकच खाच आहे. रंगीत तालीम पुन्हा होत नाही, म्हणून माझ्या मनात ती धास्ती कायम असते.

आणि एक कळकळीची विनंती. आपल्या डी५३०० च्या पुढच्या बाजूला फोकसला मदत करणारा जो दिवा अंधारात आपोआप पेटतो, तो मेनूत जाऊन आजच बंद करा. नटाच्या डोळ्यांत तो थेट जातो आणि ब्लॅकआउटची सारी मेहनत त्या एका ठिपक्याने वाया जाते.

मागची रांग

डी७५० च्या बाजूने लिहितो, कारण तो माझ्याकडे वापरलेल्या अवस्थेत आला आणि माझे बहुतेक काम मंद उजेडातल्या गाण्याच्या बैठकींचे आहे. २०१४ चा कॅमेरा असूनही आयएसओ ६४०० ला त्याचे छायाचित्र ए४ आकारात छापताना मला कधी संकोच वाटलेला नाही. कार्डाच्या दोन खाचा आहेत, त्यामुळे वर सांगितलेली धास्ती राहत नाही.

मात्र दोन गोष्टी आधी समजून घ्या. आपली १८-१४० लेन्स छोट्या सेन्सरसाठी बनवलेली आहे. ती डी७५० ला लागते, पण चौकट आपोआप कापली जाऊन सुमारे १० मेगापिक्सेलच उरतात. म्हणजे लेन्सही बदलणे आले. दुसरे असे, की डी७५० चे ५१ फोकस बिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटीने बसवलेले आहेत. पात्र विंगेच्या कडेला उभे असेल, तर मध्यावर फोकस धरून मग कॅमेरा वळवावा लागतो, आणि एफ/१.८ वर अशा वळवण्यात डोळ्यांवरचा फोकस कानावर जाऊ शकतो. डी७५०० मध्ये तेवढेच बिंदू छोट्या चौकटीत असल्यामुळे ते कडांच्या बरेच जवळ पोहोचतात. मी अशा वेळी एफ/२.८ वर जातो: ८५ मिमी लेन्सने आठ मीटरवर साधारण दीड मीटरची खोली स्पष्ट मिळते आणि मागेपुढे उभी असलेली दोन पात्रे सांभाळता येतात.

वापरलेला घेणार असाल, तर विकणाऱ्याकडून मूळ फाइल मागून घ्या आणि तिच्यातून शटरचा आकडा (शटर आजवर किती वेळा उघडले तो) पाहा; या शटरची चाचणी दीड लाख वेळांपर्यंत झालेली आहे. काही डी७५० कॅमेऱ्यांच्या शटरबाबत निकॉनने २०१५ मध्ये सूचना काढली होती, म्हणून अनुक्रमांक त्या यादीत येतो का आणि येत असल्यास दुरुस्ती झाली आहे का, याची खात्री करून घ्यावी. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र काढा. सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात.

कॅनन ९०डी उत्तम आहे, परंतु तिकडे जायचे तर सगळा संसार नव्याने मांडावा लागेल. त्यातून आपल्या कामाला जे हवे आहे ते ३२.५ मेगापिक्सेलमधून मिळणारे नाही.

शांत शटर

डीएसएलआरच का, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा पूर्ण नि:शब्द चालतो, आणि नाटकातल्या शांततेत आरशाचा तो 'खट्' आवाज किती मोठा होतो हे इथे सर्वांनाच ठाऊक आहे. निकॉनच्या झेड५ या मिररलेस कॅमेऱ्याला एफटीझेड अडॅप्टर (डीएसएलआरच्या लेन्स जोडणारा) लावून आपली मोटरवाली लेन्स फोकससह चालेल. एक सावधगिरी मात्र हवी: नि:शब्द पद्धतीत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून एलईडीच्या पट्ट्या यांत्रिक शटरपेक्षा जास्त उमटतात. आपल्या रकमेत अडॅप्टर आणि लेन्ससह तो बसेल का, हे आपणच पाहावे.

रंगपट

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मधल्या काळात ५० मिमी आणि ८५ मिमी या दोन्ही एफ/१.८ लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणल्या आणि त्याच संघाच्या पुढच्या तालमीत त्याच जागी, म्हणजे चौथ्या रांगेत मधल्या वाटेच्या कडेला बसलो.

५० मिमीने एफ/२ वर आयएसओ ८०० ते १२५० एवढ्यात सगळी एकांकिका टिपता आली. कंदिलाच्या प्रवेशात दहांपैकी चार वेळा फोकस चुकला, पण उरलेल्या सहांपैकी एका छायाचित्रात कंदिलाची ज्योत आजीच्या दोन्ही डोळ्यांत दिसते आहे आणि मागच्या काळ्या पडद्यावर एकही दाणा नाही. दिग्दर्शकाने तेच जाहिरातीसाठी निवडले. पुढचा दिवा अर्थातच बंद केला होता.

चुकलेल्या चारांमुळे विंगेतून यांचे म्हणणे पटले: बॉडीही बदलावी लागेल. परंतु आधी ५० मिमी विकत घेतली आहे, कारण ती पुढच्या कुठल्याही निकॉन डीएसएलआरवर चालेल. कॅमेऱ्यासाठी डी७५० कडे मन झुकले होते. तथापि माझी पात्रे बहुतेक वेळा कडेला उभी असतात आणि आमच्या तालमींच्या सभागृहात आता निम्मे दिवे एलईडी आहेत, त्यामुळे बिंदूंची व्याप्ती आणि फ्लिकर रिडक्शन ही दोन कारणे मला पूर्ण चौकटीच्या एका पायरीपेक्षा वजनदार वाटतात. १८-१४० लेन्सही उजेडाच्या प्रवेशांसाठी हाताशी राहील. मिररलेसचा विचार दोन-तीन वर्षांनी करीन. या शनिवारी डी७५०० पाहायला जाणार आहे. खिशात कार्ड आणि पिशवीत ५० मिमी घेऊन, दुकानातला सर्वांत अंधारा कोपरा शोधून.

विंगेतून, आपण कार्ड कुठल्या क्षमतेची वापरता? एकाच खाचेचा कॅमेरा असल्याने अंकाअंकाला कार्ड बदलावे, असे मनात आहे.

विंगेतून

मी ३२ जीबीची कार्डे वापरते आणि मध्यंतरात कार्ड बदलते. एकांकिकेत मध्यंतर नसते, म्हणून तिसरी घंटा होण्याआधी नवे कार्ड घालून कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून घ्यावे, आणि भरलेले कार्ड पिशवीत न ठेवता अंगावरच्या बंद खिशात ठेवावे.